अकरा घरट्यांची गिनती

हे सदर मी गेली चार-पाच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर जेवताना करमणूक म्हणून वाचते. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या बंद खोलीत पैंजण वाजतात... आणि मी वरण-भात कालवत मनात म्हणते, चला, आज यांना झोप लागली नव्हती वाटतं. आमचं घर महूचं, बौद्ध. आजोबा पलटणीबरोबर आले आणि तिथेच राहिले. बावीस प्रतिज्ञा बैठकीच्या भिंतीवर होत्या. भूतबाधा, नजर, करणी असं कुणी काही बोलू लागलं की बाबा एकच शब्द विचारायचे — "पुरावा?" त्याच सवयीने हे लिहिते आहे. जे झालं ते, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने. कुणाला घाबरवायचं नाही. मी स्वतःसुद्धा घाबरले नव्हते. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मी इंदूरला एका खासगी डिझाइन कॉलेजात व्हिडिओ एडिटिंग शिकवते. भंवरकुआंच्या बाजूला, जिकडेतिकडे कोचिंगचे बोर्ड. शिकवणं सोडून माझं जे स्वतःचं काम आहे त्याला व्हिडिओ आर्ट म्हणतात. हे नाव घेतलं की चहावाले भिया विचारतात, "मतलब शादी वाला काम, मैडम?" माझा नवरा नितीन नाशिकचा, पीथमपूरला कारखान्यात इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "तुझ्या फिल्ममध्ये काही घडायला लागलं की मला उठव." आम्ही जुनी इंदूरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो.

महूच्या पुढे आमचा जमिनीचा एक लहानसा तुकडा होता. बाबांनी फौजेतून रिटायर झाल्यावर घेतलेला. आम्ही त्याला मळा म्हणायचो, पण खरं तर होती एक विहीर, विहिरीवर वाकलेली एक बाभूळ, आणि मागे शेजाऱ्याचं शेत. त्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबायची. तिकडे सगळे त्या पक्ष्याला बया म्हणतात. मागच्या पावसाळ्यात मी तिथे शूटिंग केलं. कॅमेरा हलवायचा नाही, झूम करायचं नाही, एकच फ्रेम. ट्रायपॉडचे तीन पाय दर वेळी त्याच जागी यावेत म्हणून विहिरीच्या काठावरच्या दगडांवर पिवळ्या ऑइल पेंटचे तीन ठिपके मारून ठेवले होते. दसऱ्याच्या जरा आधी शेवटचा शॉट घेतला. चार मिनिटं बारा सेकंद. वारा येतो, घरटी झुलतात, बस. मोजून अकरा घरटी.

माझी कल्पना अशी होती, की हा शॉट प्रदर्शनात भिंतीवर सतत फिरत राहील, आणि दर फेरीला मी एकेक घरटं कॉम्प्युटरवर पुसत जाईन. इतकं हळू की बघणाऱ्याला कळूच नये. शेवटी नुसती फांदी उरेल, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येईल की आपण इथे उभे होतो आणि बघत होतो. ही कल्पना मी कुणालाच सांगितली नव्हती. नितीनलाही नाही. आणि त्या पुसण्याच्या कामाला हातही लावला नव्हता. हे नीट लक्षात ठेवा.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण बंद झालं. समजायचं सगळं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, पण सापडत नाहीत. आम्ही त्यांना इंदूरला आणलं. डिसेंबरमध्ये मी आणि आनंददादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, मळा विकला. तिथे कॉलनी होणार होती. जमीन आधीपासून आम्हा दोघांच्या नावावर होती, त्यामुळे बाबांना विचारायची कायद्याने गरज नव्हती. आम्ही विचारलं नाही, सांगितलंही नाही. दादा म्हणाला, "अभी मत बता यार, प्रज्ञा. थोडे ठीक होऊ दे त्यांना. मग बघू ना आपण."

मग आपण काही बघितलं नाही. मी त्यानंतर तिकडे गेलेसुद्धा नाही. दादा फोनवर म्हणाला होता की त्या लोकांनी साफसफाईला माणसं लावलीत, आणि मी धरून चाललं होतं की बाभूळ गेली.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मी कॉलेजचा प्रोजेक्टर घरी आणला. हॉलच्या भिंतीवर रंग कसे दिसतात ते बघायचं होतं. बाबा त्यांच्या खुर्चीत होते. भिंतीवर विहीर आली, बाभूळ आली. बाबा खुर्चीत पुढे सरकले. तीन महिन्यांत ते स्वतःहून कशाकडे असे सरकले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत माझ्याकडे. आणि मी म्हणाले, "बाबा, विहिरीवर कॅमेरा लावलाय मी. हे लाइव आहे. आत्ताचं."

का म्हणाले? माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर मागे घेणं जमलं नाही.

बाबा बराच वेळ बघत होते. मग ओठ हलले आणि आवाज आला. जाड, लडखडता, पण आवाज.

"अ...करा."

मी नितीनला फोन केला, दादाला केला. दादा फोनवर रडला. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, आकड्यांपासून परत येतात काही जण, उन्हें रोज़ दिखाइए. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला मी तो शॉट लावू लागले. साडेपाच ही वेळ बाबांचीच. फौजेत संध्याकाळी गिनती होते, हजेरी म्हणा ना. बाबा कंपनीत हवालदार होते, रोजची गिनती ते घ्यायचे. रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नाही. साडेपाचला घरी नसलो तर "कुठे आहे?" हा फोन यायचाच. मी चाळिशीला आले तरी.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते म्हणाले, "दहा."

मी म्हटलं, "अकरा आहेत बाबा. बघा ना नीट."

"दहा. एक कम."

एक शब्द सोडून तीन शब्द बोलले, या आनंदात मी टाळी वाजवली. "शाबास बाबा!" आणि त्यांना चहात बुडवून बिस्कीट दिलं. त्यांनी ते खाल्लं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशीही दहा. त्याच्या पुढच्या दिवशी नऊ. मग दोन दिवस नऊच. मग एकदम सात. प्रत्येक वेळी आकडा सांगून माझ्याकडे बघायचे, आणि मी शाबास म्हणायचे.

सात म्हणाले त्या दिवशी मी शॉट पॉज केला, पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच अकरा घरट्यांभोवती अकरा गोल काढले. विचारलं, "कोणती नाहीत बाबा? दाखवा." त्यांनी डावा हात उचलला. बोटाचा नेम चुकत नव्हता. खालच्या फांदीवरची दोन, विहिरीकडे झुकलेलं एक, अगदी टोकाचं एक. मला ती चारही स्पष्ट दिसत होती. मी त्या चार गोलांवर फुल्या मारल्या.

आता तुम्ही म्हणाल तेच नितीन म्हणाला. फाईल बदलली असेल. माझा रोजीरोटीचा धंदाच हा आहे, त्यामुळे हे मी सगळ्यात आधी तपासलं होतं. फाईल एकच, तारीख ऑक्टोबरची, लांबी तीच. कॉलेजच्या मोठ्या मॉनिटरवर एकेक फ्रेम पुढे सरकवून मोजली. दर फ्रेमला अकरा. मग बाबांचे डोळे तपासून आणले. डोळे ठीक. भिंतीवर एका वेळी चार चमचे, सहा वाट्या, नऊ माचिसच्या डब्या असे फोटो दाखवून बघितले. सगळे आकडे बरोबर. ज्या माणसाने आयुष्यभर शंभर-सव्वाशे जवान उभ्या उभ्या मोजले तो वाट्यांत काय चुकणार?

नितीनला तेव्हा मी माझी पुसण्याची कल्पना सांगितली. तो एकदम सुटल्यासारखा म्हणाला, "अगं मग तूच केलं असशील. पुसलेली कॉपी सेव्ह केली असशील आणि विसरली असशील. तुझी अवस्था बघतेस ना हल्ली? परवा चहात मीठ घातलंस."

मीठ घातलं होतं, हे खरं आहे. पण पुसलेली कॉपी कुठेच नव्हती. आणि असती तरी ती मलाही दिसली असती ना?

मी तरीही रोज कॉलेजला जात होते, मुलांना टाइमलाइन शिकवत होते, येताना भाजी आणत होते. आत कुठेतरी कळत होतं की घरात काहीतरी विचित्र चाललंय. पण कळणं आणि वाटणं यांच्यात काही तारच उरली नव्हती. भीती नाही, रडू नाही. साडेपाच वाजले की प्रोजेक्टर लावायचा, फुली मारायची, भाजी चिरायला बसायचं.

सात. सात. पाच.

पाच झाल्यावर मी दादाला फोन केला. "दादा, ती बाभूळ कधी तोडली रे?"

"तोडली असेल ना. मी गेलोच नाही गं उधर. का?"

"कुणी बघितलंय?"

"क्या हुआ, प्रज्ञा? बाबांना कळलं का?"

मी म्हटलं नाही, आणि फोन ठेवला.

त्या शुक्रवारी बाबा म्हणाले, "तीन." त्यांनी बोटाने दाखवलेल्या आणखी दोन गोलांवर मी फुल्या मारल्या. आठ फुल्या, तीन रिकामे गोल. शनिवारीही तीन. नितीनला शनिवारी अर्धा दिवस असतो. मी त्याला म्हटलं, पीथमपूरहून महू लांब नाही, येताना जाऊन ये. विहिरीच्या काठावर पिवळे तीन ठिपके आहेत, त्यांच्या मधोमध उभा राहा आणि एक फोटो काढ. बाकी काही विचारू नकोस.

तो सहाच्या सुमाराला आला. बूट न काढता आत आला आणि फोन माझ्या हातात दिला.

बाभूळ उभी होती. म्हणजे निम्मी. खालच्या फांद्या कापलेल्या, टोक छाटलेलं. आणि उरलेल्या भागात तीन घरटी, जुनी, वाळून तपकिरी झालेली. मी फोन घेऊन भिंतीपाशी गेले. शॉट चालूच होता. तीन घरटी, तीन रिकामे गोल. जागा त्याच. माझ्याआधी नितीनने ते जुळवून बघितलं होतं, दारातूनच.

"तिथे एक चौकीदार राहतो," तो बूट काढत म्हणाला. "त्याला विचारलं. म्हणाला, भोत ठंड है साब, रोज एकाध डाल तोड़ लेते हैं तापने को. वो घोंसले तो झट से जलते हैं."

बाबा आमच्याकडे बघत होते. दोघांकडे नाही, फक्त माझ्याकडे.

नितीनला भूक नव्हती. मी जेवले. दोन पोळ्या, मेथीची भाजी. भांडी घासताना त्याने मागून विचारलं, "फौजेत त्या गिनतीत एखादा माणूस कमी भरला तर काय करतात गं?"

हे मला लहानपणापासून पाठ होतं. बाबा शंभरदा सांगायचे. नुसतं 'एक कम' म्हणून चालत नाही. तो कुठे आहे ते सांगावं लागतं. छुट्टी, अस्पताल, ड्यूटी, जे असेल ते. ज्याची जबाबदारी त्याने पुढे यायचं, सावधान उभं राहायचं आणि रिपोर्ट द्यायचा. तोपर्यंत कुणाला हलता येत नाही.

मी हे नितीनला सांगितलं आणि सांगता सांगता हातातली कढई सिंकमध्ये ठेवली. तीन आठवडे झाले होते. रोज साडेपाचला बाबा गिनती घेत होते, कमी किती ते सांगत होते, आणि रिपोर्टसाठी माझ्याकडे बघत होते. आणि मी त्यांना शाबास म्हणून बिस्कीट देत होते.

तरी मी रविवारी काही बोलले नाही. हे लिहायला सोपं नाही, पण लिहिते. रविवारी "दोन" म्हणाले, सोमवारी "एक". माझी हिंमत झाली नाही. सत्य कळलं तर धक्का बसेल, आलेलं बोलणं परत जाईल, असं मी स्वतःला समजावत होते. बोलणं जाऊ नये हे खरंच होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघून तोंड फिरवू नये, हे जास्त खरं होतं.

मंगळवारी नितीन लवकर घरी आला होता. साडेपाचला शॉट लावला. बाबांनी पूर्ण चार मिनिटं बारा सेकंद बघितलं. परत पहिल्यापासून बघितलं. मला अकरा दिसत होती. वाऱ्यावर झुलत होती.

"निल," बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. बाभूळ माझ्या अंगावर पडत होती, घरटी माझ्या कुर्त्यावर हलत होती. हात बाजूला सरळ ठेवले. लहानपणी आम्हा भावंडांना असंच उभं करायचे.

"बाबा, मळा विकला. मी आणि दादानं. डिसेंबरमध्ये. तुम्हाला न विचारता. तिथे कॉलनी होणार आहे. बाभूळ तोडतायत, जाळायला. आणि हे लाइव नाहीये. हे दसऱ्याच्या आधीचं आहे. मी खोटं बोलले."

एवढंच. आवाज कापला नाही माझा. हजेरीपटावरची नावं वाचावी तसं बोलले.

बाबांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि बोट दाखवलं. बाभळीकडे नाही. विहिरीच्या मागे, फ्रेमच्या अगदी वरच्या कोपऱ्यात. ओठ जुळवायला त्यांना खूप वेळ लागला.

"सो...या...बीन."

मला कळलं नाही. नितीनलाही नाही. मी वळून भिंतीकडे बघितलं. विहिरीमागे शेजाऱ्याचं शेत होतं. जरा आउट ऑफ फोकस, पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, कापणीला आलेलं. तो कोपरा मी शंभर वेळा बघितला असेल. त्याचा रंग दोनदा दुरुस्त केला होता, कारण पिवळा जास्त वाटत होता.

जानेवारीत माळव्यात कुणाच्या शेतात सोयाबीन नसतं. गहू असतो, हरभरा असतो. हे शेताकडे बघणाऱ्या कुणालाही कळतं. मी फ्रेमकडे बघत होते, प्रकाशाकडे, रंगाकडे. पण पीक माझ्या लक्षात आलं नाही.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी 'हे लाइव आहे' म्हणाले त्या क्षणापासून त्यांना ठाऊक होतं की ते लाइव नाही. जुना शॉट आहे हे माहीत असूनही त्यांनी रोज त्यातून आजची घरटी मोजली होती. आणि थांबले होते, मी कधी सांगते म्हणून.

"बाबा..." मी म्हटलं.

"बंद कर," ते म्हणाले. स्पष्ट. न अडखळता.

मी प्रोजेक्टर बंद केला.

त्यानंतर ते बोललेले नाहीत. आज या गोष्टीला दोन महिने होत आलेत. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधीकधी, येतं आणि जातं. थेरपीच्या मॅडमनी परत आकडे दाखवून बघितले. बाबा बघतात आणि नजर काढून घेतात. तोंड माझ्याकडून फिरवलेलं नाही. माझ्या हातून जेवतात, केस विंचरू देतात.

स्पष्टीकरण म्हणून जे जे सुचलं ते आम्ही दोघांनी करून पाहिलंय. दादाच्या फोनवरच्या बोलण्यातून बाबांनी ऐकलं असेल? पण दादाला काहीच माहीत नव्हतं. अंदाज असेल? आकड्याचा अंदाज एक वेळ समजू, पण नेमकं कोणतं घरटं, कोणत्या फांदीचं? बुधवारी नितीन परत जाऊन आला, तेव्हा तिथे फक्त बुंधा होता, आणि चौकीदार म्हणाला की शेवटचं कल निकाला. नितीन आता माझ्या फिल्मवर विनोद करत नाही. मी बाबांचाच प्रश्न स्वतःला विचारते, पुरावा? तर पुरावा म्हणून माझ्याकडे एक फोटो आहे आणि भिंतीवर पेन्सिलचे अकरा गोल. त्यातून काय सिद्ध होतं ते मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा.

प्रदर्शन झालं. मी एकही घरटं पुसलं नाही, हात धजला नाही. अकराच्या अकरा ठेवली. लोकांनी छान छान म्हटलं. एक मुलगी म्हणाली, "मैम, बहुत पीसफुल है." मी थँक यू म्हटलं.

नितीनला हॉलला रंग काढायचा आहे. मी म्हटलं, ती एक भिंत राहू दे. साडेपाचला बाबा अजून त्याच खुर्चीत बसतात आणि त्या भिंतीकडे बघतात. पेन्सिलच्या गोलांशिवाय भिंतीवर काही नसतं. मी चहा ठेवते, त्यांच्यासमोर उभी राहते आणि त्या दिवशीचं जे खरं असेल ते सांगते. बाबा, आज विहीर बुजवली त्यांनी. बाबा, दादाचा फोन आला होता, त्याला तुमच्यासमोर यायची हिंमत होत नाही. बाबा, आज वर्गात मला एकदम रडू आलं, मुलं घाबरली.

ते ऐकतात. पूर्ण ऐकून झाल्यावर मान एकदा हलवतात, आणि मगच चहाच्या कपाला हात लावतात.